मोबाईल स्टार्टरला सिम कोणतं?

चाकण चौकात सगळ्याच कंपन्यांची रेंज फुल. आपली मोटर मात्र विहिरीवर आहे, रेंज तिथली बघा. घरातल्यांची वेगवेगळी सिमं नेऊन एकेक फोन लावा, रात्रीच्या लाईटलाही.

स्टार्टर टूजीचा असेल तर जिओचं सिम चालणार नाही, जिओकडे टूजी नाहीच. एअरटेल, व्हीआय, बीएसएनएलपैकी जे विहिरीवर लागेल ते घ्या. नेट नको, कॉल-एसएमएसचा पॅक पुरतो. ट्रायच्या नियमाने तो प्रत्येक कंपनीला ठेवावाच लागतो. तारीख लिहून ठेवा. पॅक संपला की मोटर बंद करायला अंधारात जावं लागतं, मी गेलोय.

हातातल्या फोनची कंपनी बदलायची तर नवा नंबर घेऊ नका, आपले मेसेज जुन्यावरच येतात. इंग्रजीत पोर्ट, स्पेस, आपला नंबर लिहून १९०० वर एसएमएस करा.