हौदाचं गणित

ओळंबा गवंड्याकडून मागून आणलेला, टेप प्रयोगशाळेची, खडू वर्गातला. टेपच्या टोकाला ओळंबा बांधायचा, खालच्या हातभर लांबीला खडू फासायचा आणि विहिरीत सोडायचा. पाण्यात बुडालेला खडू काळपट होतो. वर ओढून ती रेघ वाचायची. एवढ्याशा कामात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची सहा मुलं पहिल्या सकाळी तीनदा चुकली. एकाने कठड्यापासून मोजलं, दुसरीने जमिनीपासून. शेवटी कठड्यावर लाल रंगाचा ठिपका दिला आणि मोजायचं ते तिथूनच, असं ठरलं.

मी गणित शिकवते. जानेवारीत राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरासाठी आम्ही पुरंदर तालुक्यातल्या एका गावी उतरलो होतो. योजना २४ सप्टेंबर १९६९ची, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षातली. सुरुवातीला ३७ विद्यापीठांतले सुमारे ४०,००० विद्यार्थी होते. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करावं अशी अपेक्षा असते आणि त्या तासांची नोंद चोख होते. पण त्या तासांचा माझ्या वर्गातल्या तासांशी काय संबंध, हे मी बरीच वर्षं स्वतःलाही विचारलं नव्हतं. प्रभातफेरी, ग्रामस्वच्छता, दुपारी बौद्धिक, रात्री पथनाट्य. एका गावी आम्ही देवळाचं आवार इतकं झाडलं, की रोज झाडणाऱ्या बाईंना आठवडाभर कामच उरलं नाही. फोटो छान आले.

या वेळी पूर्वतयारीच्या बैठकीत एका शेतकऱ्याने विचारलं, "कांद्याला शेवटपर्यंत पाणी पुरंल का, हे सांगता येईल का तुम्हाला?" मी "बघू" म्हटलं आणि घरी येऊन घाबरले.

तर ही त्यांचीच विहीर. गाव त्यांना तात्या म्हणतं. व्यास सहा मीटर, फूटव्हॉल्व्हच्या वर तीन मीटर पाणी. पोरांनी कठड्यावर बसूनच हिशेब केला: सुमारे ८५,००० लिटर. मोटरीचा उपसा काढायला दोनशे लिटरचा पिंप पाइपाखाली धरला. चाळीस सेकंदांत भरला, म्हणजे सेकंदाला पाच लिटर. मोबाइलवर भागाकार झाला आणि एकाने जाहीर केलं, "तात्या, पावणेपाच तासांत विहीर आटणार."

तात्या जुन्या मोटेच्या थारोळ्यावर बसले होते. हसले. "माझी मोटर सात तास चालती, पोरा. मग हवा धरती."

पोरांनी भागाकार पुन्हा केला. उत्तर तेच. मला तोंड बंद ठेवणं किती जड गेलं ते सांगता येत नाही; शिक्षकाच्या जिभेला उत्तर देण्याची खाजच असते. पाच-सात मिनिटांनी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे हौदाचं गणित आहे!" एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो, शाळेत सगळ्यांनी नाक मुरडून सोडवलेलं. सात तासांत उपसा १,२६,००० लिटर. साठ्यातले ८५,००० वजा केले तर ४१,००० लिटर उमाळ्यातून आलं, म्हणजे तासाला साधारण सहा हजार. इथला काळा पाषाण पाणी साठवतो तो भेगांत आणि झिजलेल्या थरांत. तात्यांनी हात दाखवून सांगितलं, उमाळा पूर्वेच्या अंगाला आहे.

मग खरी मजा. पाणी खाली गेलं की उमाळा जोर धरतो आणि मोटरीचा उपसा घटतो. दोन्ही नळ स्थिर नाहीत. हेच समीकरण मी ऑगस्टमध्ये मिठाच्या पाण्याच्या टाकीवरून फळ्यावर सोडवलं होतं, तेव्हा अर्धा वर्ग पेंगत होता.

गावातल्या इतर विहिरीही आम्ही रोज मोजून तक्त्यात लिहीत होतो. तिसऱ्या दिवशी त्यांतल्या एकीची पातळी दोन मीटरने खाली आली. मुलं तो आकडा चूक म्हणून खोडायला निघाली. शेजारच्या आजी म्हणाल्या, "अगं, रातची लाईट होती न्हवं?" थ्री फेज रात्री आलं, मोटर पहाटेपर्यंत चालली होती. तेव्हापासून तक्त्यात एक रकाना वाढला: मोटर कधी बंद झाली.

तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र सात दिवसांत मिळणारं नव्हतं. राज्याची भूजल यंत्रणाही निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. आमच्याकडे फक्त जानेवारी. मार्चमध्ये चौघं स्वखर्चाने एस.टी.ने जाऊन आली. मेमध्ये परीक्षा. दोन पेपरांमधली सुट्टी साधून मी आणि ती हौदवाली मुलगी गेलो.

तात्या घरी नव्हते. मोटरीच्या खोलीत स्टार्टरशेजारच्या भिंतीवर कोळशाने आकडे लिहिलेले होते, दर आठवड्याला एक, मार्चपासूनचे. खिळ्याला सुतळी टांगलेली, वितीवितीवर गाठ आणि टोकाला दगड. शेवटचा आकडा कालचा होता. मुलीने टेप सोडली, रेघ वाचली, आणि वहीत लिहिण्याआधी आपली वीत टेपवर ठेवून पाहिली.

"तात्यांची वीत मोठी असणार, मॅडम. त्यांना येऊ दे, मोजून घेऊ."

आम्ही थारोळ्यावर बसून राहिलो.