बांधावरची गुळवेल : ओळख आणि जपणूक



गाळप हंगाम सुरू झाला की तोडणीच्या टोळ्यांबरोबर त्यांची लहान मुलेही आपल्या फडाच्या कडेला येतात. नेमक्या याच थंडीच्या दिवसांत बांधावरच्या वेलींवर लाल रंग दिसू लागतो. त्यांतली एक वेल औषधी, तर दुसरीचे बी विषारी. आपण मात्र दोन्हींवर एकच कोयता चालवतो, नाहीतर दोघींनाही सरसकट तशीच ठेवतो. म्हणून आधी ओळख करून घेऊ.

गुळवेल ही आपल्या देशातलीच वेल. शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. कॉर्डिफोलिया म्हणजे हृदयाच्या आकाराच्या पानांची. पान गुळगुळीत, टोकदार आणि लांब देठाचे असते. पानाच्या मागे दाट मऊ लव असेल तर ती गुळवेलीची दुसरी जात समजावी.

या वेलीला तोंडलीसारखे तणावे नसतात. ती स्वतःच झाडाला वेढे घालत चढते. जुन्या वेलीची साल करडी, कागदासारखी पातळ असून सुटून येते. सालीवर बारीक फोड आल्यासारखे उंचवटे असतात. साल नखाने खरवडली की आत हिरवा रंग दिसतो. खोड आडवे कापले तर गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते, म्हणून जुन्या ग्रंथांत हिला चक्रलक्षणिका म्हटले आहे. उंच फांदीवरून ती सुतळीसारखी मुळे खाली सोडते. बुंध्याशी तोडली तरी वरचा भाग लगेच मरत नाही, या मुळांच्या आधारे पुन्हा जमीन धरतो. छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी वाढणारी, हे नाव त्यावरूनच पडले.

आता फळांचे. गुळवेलीत नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. उन्हाळ्यात बारीक पिवळसर फुले येतात. नर वेलीची फुले झुबक्याने, तर मादीची सुटी असतात. फळे फक्त मादी वेलीला धरतात. एका फुलापासून एक ते तीन, वाटाण्याएवढी, आधी हिरवी आणि थंडीत पिकून लालभडक होतात. फळ मांसल असून आत एकच बी असते. तेव्हा वर्षानुवर्षे फळ न धरणारी वेल वांझ म्हणून उपटू नये. ती बहुधा नर असते.

दुसरी वेल गुंजेची. हिची पाने चिंचेसारखी बारीक जोडीजोडीची. हिला मांसल फळ नसते. शेंग वाळून उकलते आणि आत काळा ठिपका असलेल्या लाल बिया दिसतात. सोनार पूर्वी याच गुंजा वजनाला वापरीत. बी अखंड गिळले तर टणक टरफलामुळे पुष्कळदा तसेच बाहेर पडते. पण चावले किंवा ओवण्यासाठी भोक पाडलेले असले, तर विष अंगात जाते. एका बीनेही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होतो. त्यामुळे उलटी-जुलाबाची वाट न पाहता मूल ताबडतोब दवाखान्यात न्यावे, बीही बरोबर न्यावे. कोप्यांजवळच्या गुंजेच्या वेली शेंगा उकलण्यापूर्वीच काढून टाकाव्यात.

गुळवेल राखायची असेल तर फवारणी सांभाळावी. उसात आपण मारतो ते २,४-डी हे रुंद पानांच्या तणावर चालते, आणि गुळवेलही रुंद पानांचीच. वारा असताना फवारू नये. फवारलेल्या बांधावरची वेल काढ्यासाठी तर मुळीच घेऊ नये.

२०२० च्या कोरोना साथीपासून घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. त्यावर, त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती हे तपासलेले नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. वाद तज्ज्ञांचा आहे. आपण एवढेच लक्षात ठेवावे की वेलीची खात्री आणि वैद्याचा सल्ला यांशिवाय काढा रोज घेऊ नये. कावीळ किंवा यकृताचा विकार असणाऱ्यांनी तर आधी डॉक्टरांना विचारावे.

लागवड सोपी आहे. उसाच्या टिपरीसारखीच दोन डोळ्यांची, पेन्सिलीएवढ्या जाडीची कांडी मे-जूनमध्ये लावावी. बांधावर कडुलिंब असल्यास त्याच्या बुडाशी लावावी. कडुलिंबावरची गुळवेल आपल्याकडे उत्तम मानतात. पुढे तोडताना बुडखा राखून जाड खोड तेवढे घ्यावे, म्हणजे वेल पुन्हा फुटते.

वेल ओळखण्यात शंका वाटल्यास पान व खोडाचा तुकडा घेऊन गट कार्यालयात शेतकी मदतनीसांना दाखवावा. गुंजेची माहिती आपल्या फडावरच्या टोळीच्या मुकादमालाही अवश्य द्यावी.

— ऊस विकास अधिकारी