सायकलची सीट आणि एका अंशाचा फरक

निपाणीहून बेळगावला रेसिंग सायकलने निघालेला विद्यार्थी तवंदीचा घाट जोमाने चढतो. पण पुढे त्याचे तळहात बधिर होतात, मांड्यांमध्ये मुंग्या येतात. ‘पाऊणशे किलोमीटर म्हणजे त्रास व्हायचाच,’ असे म्हणून तो सोसत राहतो. पुष्कळदा दोष अंतराचा नसतो, सीटच्या कलाचा असतो.

शरीराचा भार बैठकीच्या दोन हाडांवर पडावा. सीटचे पुढचे टोक वर असेल तर तो मधल्या नाजूक भागावर येतो; तेथील नसा व रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन बधिरता येते. टोक फार खाली असेल तर आपण पुढे घसरतो आणि हँडलवर रेटा देऊन स्वतःला सावरतो. मग मनगटे व खांदे भरून येतात.

उपाय सोपा आहे. सायकल सपाट जमिनीवर उभी करावी. सीटवर लांबीने पट्टी ठेवून तिच्यावर गवंड्याची पाणसळ ठेवावी. सीटखालचा बोल्ट सैल करून बुडबुडा मध्यावर आणावा, बोल्ट आवळावा आणि फेरफटका मारून पाहावा. मुंग्या आल्या तर टोक एक अंश खाली घ्यावे. हात दुखले तर तेवढेच वर. सुमारे २७ सेंटिमीटर लांबीच्या सीटचे टोक मागच्या भागापेक्षा अर्धा सेंटिमीटर खाली गेले, की एक अंश होतो. दोन-तीन अंशांपलीकडे सहसा जाऊ नये. बोल्ट दर वेळी पक्का आवळावा. घाटउतारावर सीट हलली तर तोल जाईल.

एवढे करूनही बधिरता राहिली, तर मुकाट्याने न सोसता डॉक्टरांना दाखवावे.