सुगरणीचे खोपे आणि आपले दिवाणखाने

शहरांतील रस्त्यांच्या कडेस आणि शोभेच्या वस्तूंच्या दुकानांत सुगरणीचे खोपे विकावयास टांगलेले पुष्कळांनी पाहिले असतील. दिवाणखान्यात किंवा उपाहारगृहाच्या दारात असा खोपा लावणे ही निरुपद्रवी हौस आहे, असे ती करणाऱ्यांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. आणि त्याची कारणे आमच्या वाचकांपुढे, विशेषतः या मालाची विक्री करणाऱ्या व्यापारी बंधूंपुढे, मांडणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

हा खोपा होतो कसा ते प्रथम पाहावे. नाव सुगरणीचे असले तरी बांधणारा नर असतो. गवताच्या, उसाच्या किंवा माडाच्या पातीस चोचीने खाच पाडून तिची लांब चीर तो ओढून काढतो, आणि अशा शेकडो चिरा विहिरीवर झुकलेल्या बाभळीच्या फांदीस गुंफीत जातो. काम अर्धे झाले की माद्या पाहणीस येतात. एखादीस खोपा पसंत पडला तर नर खाली उतरणारी दाराची नळी विणून तो पुरा करतो. न पडला तर सारे श्रम फुकट. मादी आत दोन ते चार पांढरी अंडी घालते व ती एकटीच उबविते. नर तोवर दुसऱ्या खोप्याच्या आणि दुसऱ्या मादीच्या उद्योगास लागलेला असतो! हा सगळा संसार डॉ. सालिम अली यांनी अलिबागेजवळच्या किहीम गावी चिकाटीने न्याहाळून १९३१ साली प्रसिद्ध केला.

कोणी म्हणेल, ‘आम्ही रिकामा खोपा आणतो, त्यात कोणाचे काय गेले?’ परंतु खोपा रिकामा आहे की नाही, हे काठीने फांदी ओढणाऱ्या मनुष्यास खालून कसे कळावे? आतली अंडी नळीच्या वर, अंधारात असतात. शिवाय सुगरणींनी सोडलेले जुने खोपेही ओस पडत नाहीत. पांढऱ्या गळ्याची बारकीशी मनोली त्यांत रात्रीचा निवारा घेते, कित्येकदा अंडीही घालते. गिऱ्हाईक आहे म्हणून तोडणारा आहे, हा व्यापाराचा साधा नियम येथेही लागू आहे. कायद्याचे म्हणाल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे आणि अंड्यांस अगर घरट्यांस उपद्रव देणे यांचा समावेश केलेला आहे. बंदूक हाती धरली तरच शिकार होते, ही समजूत सोडून द्यावी हे बरे.

दुसरीही एक समजूत सोडण्याजोगी आहे. मनुष्याचा हात लागला की चिमण्या आपल्या पिल्लास चोची मारून ठार करितात, असे घरोघर मुलांस सांगतात. ते खरे नव्हे. केवळ हाताच्या स्पर्शामुळे बहुतेक पक्षी पिल्लू टाकीत नाहीत. तेव्हा खाली पडलेले उघडे पिल्लू हळूच उचलून घरट्यात परत ठेवण्यास कोणतीच हरकत नाही. मात्र घरट्याशी वारंवार ये-जा केल्याने अंडी उबविणारी मादी बिचकून कायमची उठून जाऊ शकते, आणि आपल्या येण्याजाण्यावर टपलेल्या कावळ्यास ठिकाणाचा पत्ता आयताच मिळतो. कावळ्याचे घरटे पाडल्याने हा प्रश्न सुटेल असे कोणास वाटत असेल, तर कोकिळेची अंडी त्याच घरट्यात असतात हेही त्याने ध्यानात घ्यावे.

चिमण्यांचा नायनाट करण्याचा प्रयोग एका राष्ट्राने करून पाहिलेला आहे. चीनमध्ये १९५८ साली, चिमण्या धान्य खातात म्हणून, सरकारी हुकुमाने त्यांची घरटी पाडण्यात आली, अंडी फोडण्यात आली, आणि थाळ्या बडवून त्यांस कोठे विसावूही दिले नाही. दाणे खाणारी ही चिमणी आपल्या पिल्लांस मात्र किडे-अळ्या भरविते, याचा हिशेब कोणी केला नव्हता. शेतांत कीड माजली, आणि १९६० साली चिमणीचे नाव शत्रूंच्या यादीतून काढून तेथे ढेकणाचे घालावे लागले. त्या वर्षांतील भीषण दुष्काळास इतरही मोठी कारणे होती, तथापि ही चूक त्यांत भर घालणारी ठरली. धान्याच्या पेढीवर बसणाऱ्यांनी हा जमाखर्च अवश्य पाहावा.

आता नगरपालिकांविषयी. पावसापूर्वी झाडे छाटण्याचे काम एप्रिल-मे महिन्यांत निघते, तेव्हा कावळ्यांची घरटी भरलेली असतात. आणि पावसात वड-चिंचांवर बगळ्यांची वसाहत झाली की विष्ठेच्या तक्रारीवरून फांद्याच तोडण्याची मागणी होते. धोकादायक फांदी तोडलीच पाहिजे, याबद्दल आमचा वाद नाही. परंतु बाकीची छाटणी हिवाळ्यात का होऊ नये? आणि कुऱ्हाड चालविण्यापूर्वी फांदीवर घरटे आहे की नाही हे पाहण्याची, असल्यास पिल्ले उडेपर्यंत थांबण्याची अट ठेक्याच्या कागदात घालण्यास कितीसा खर्च येणार आहे? बगळ्यांच्या झाडाखाली गाडी उभी करणाऱ्याने ती चार महिने दहा हात पलीकडे लावावी. दुकानाच्या पाटीमागे चिमणीने काड्या जमविल्या असतील, तर पाटीची रंगरंगोटीही महिनाभर पुढे ढकलता येते. तेवढ्याने धंदा बसल्याचे आमच्या ऐकिवात नाही.