इंजिनीअरिंग की कॉम्प्युटर? आधी स्वतःची परीक्षा घ्या

दहावी-बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : पुढे काय? गुण चांगले असले तर उत्तर बहुधा शेजारीपाजारीच देऊन टाकतात. इंजिनीअरिंग, नाहीतर कॉम्प्युटर! परंतु गुणांवर फक्त प्रवेश मिळतो. पुढची सर्व वर्षे आवडीवर व चिकाटीवरच निभावून न्यावी लागतात. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःची थोडी परीक्षा घ्यावी.

प्रथम अभियांत्रिकी. आपल्या पुण्याजवळच्या खडकवासला धरणाचेच उदाहरण घेऊ. सर विश्वेश्वरय्या बी. ए. झाल्यावर पुण्यास शिकावयास आले व १८८३ साली अभियंता झाले. १८५४ साली सुरू झालेली ती संस्था म्हणजेच आजचे सीओईपी विद्यापीठ. धरणाची भिंत न वाढविता अधिक पाणी कसे साठवावे, हा प्रश्न पुढे त्यांच्यासमोर आला. ठरावीक पातळीपर्यंत पाणी अडविणारे व पूर येताच आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी योजले. १९०३ साली ते खडकवासल्यास बसविण्यात आले. जोर, वजन, खर्च आणि धोका यांचा एकत्रित विचार करणे म्हणजे अभियांत्रिकी. कुकरची शिट्टी किंवा सायकलची चेन पाहून ‘हे असेच का केले?’ असा प्रश्न ज्याला पडतो व गणित-भौतिकशास्त्राचा ज्याला कंटाळा नाही, त्याने या वाटेने अवश्य जावे.

आता संगणकशास्त्र. संगणक वापरता येणे वेगळे आणि त्याचे शास्त्र आवडणे वेगळे. घरीच एक प्रयोग करा. ग्रंथालयातील शंभर पुस्तके लेखकाच्या आडनावाप्रमाणे कशी लावावीत, याच्या सूचना कागदावर क्रमाने लिहा आणि लहान भावंडाला तंतोतंत तसेच करावयास सांगा. दोन लेखकांचे आडनाव एकच निघाले की गाडी अडेल. ही चूक शोधून सूचना पुन्हा लिहिण्यात तासभर कसा गेला हे कळले नाही, तर हे शास्त्र तुमचे आहे. आज यंत्रही प्रोग्रॅम लिहून देते. तरीही नेमके काय हवे ते सांगणे आणि चूक पकडणे यासाठी माणूस लागतोच.

दोन्ही परीक्षांत मन रमले नाही, तर त्यात कमीपणा काहीच नाही. शिक्षक, वकील, परिचारिका, हिशेबनीस यांचीही समाजाला तितकीच गरज आहे.

खात्री नसेल तर एकदम मोठी उडी घेऊ नये. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश घेता येतो. बारावी विज्ञाननंतर बी. एस्सी. कॉम्प्युटर सायन्सचाही मार्ग आहे.

बँकेत नोकरी करीत असल्याने पालकांना एक सांगावेसे वाटते. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणतः अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. व्याज मात्र रक्कम उचलल्यापासून चढत असते. शिक्षण अर्ध्यावर सुटले तरी कर्ज सुटत नाही. तेव्हा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेल्या शिष्यवृत्तीची आधी चौकशी करावी आणि जातीचा व उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवावा.

शेजारच्या मुलाने काय घेतले हे पाहून निर्णय करू नका. मुलांना विचारा, त्यांचे ऐका आणि मग ठामपणे त्यांच्या पाठीशी उभे राहा.