निळीचं कूळ

मार लागला की अंग काळंनिळं पडतं, असं आपण म्हणतो. या जोडशब्दात ‘नील’चा जुना अर्थ अजून शाबूत आहे. संस्कृतात नील म्हणजे गडद. दाट केस नील, पाण्याने भरलेले ढगही नील. काळा आणि निळा यांच्यामध्ये आपण आज जी रेघ ओढतो, ती तिथे तितकी ठळक नव्हती. त्याच भाषेत ‘नीली’ हे एका शेंगाळू झुडपाचंही नाव आहे आणि जगभर जो नील पोहोचला, तो या झुडपाचा.

या झुडपाच्या पानात निळा रंग तयार स्थितीत नसतोच. असतं ते इंडिकन नावाचं रंगहीन संयुग, साखरेच्या रेणूशी जखडलेलं. ताजी पानं हौदात भिजत घातली की काही तासांत विकरं ही साखर तोडतात आणि इंडॉक्सिल मोकळं होतं. मग माणसं हौदात उतरून ते पिवळट-हिरवं पाणी झोडपत राहायची. हवेतला ऑक्सिजन मिसळला की इंडॉक्सिलचे दोन-दोन रेणू जुळतात आणि न विरघळणारे निळे कण तळाशी बसतात. त्या गाळाच्या वाळवलेल्या वड्या म्हणजे बाजारातली नीळ.

पण जी पाण्यात विरघळत नाही ती कापडावर चढणार कशी? रंगाऱ्यांनी यावर तोड काढली ती आंबवण्याची. आंबणाऱ्या अल्कधर्मी द्रावणात जिवाणू निळीचं क्षपण करतात, ती फिकट पिवळी होते आणि विरघळते. त्यात बुडवलेलं कापड बाहेर येतं तेव्हा पिवळट-हिरवं असतं. हवा लागते तसतसं डोळ्यांदेखत निळं होत जातं. क्षपण आणि ऑक्सिडीकरण या दोन्ही क्रिया रंगारी वासावरून, फेसावरून आणि हाताच्या अंदाजावरून सांभाळत. या जाणकारीला मी शास्त्रच म्हणेन.

ग्रीकांनी हा माल जिथून येई त्या देशावरून त्याचं नाव ‘इंडिकॉन’ ठेवलं; आजचा ‘इंडिगो’ त्यातूनच आला. अरबांनी मात्र मूळ नाव जपलं. त्यांच्या ‘अन्-नील’चं पोर्तुगीजांनी ‘अनिल’ केलं आणि इथून हा शब्द थेट प्रयोगशाळेत शिरला. 1826 मध्ये ओटो उन्फरडॉर्बेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने नीळ तापवून एक तेलकट द्रव मिळवला. 1840 मध्ये फ्रिट्शे यांनी निळीवर दाहक पोटॅशची क्रिया करून तोच द्रव काढला आणि ‘अनिल’वरून त्याला ॲनिलीन म्हटलं. दगडी कोळशाच्या डांबरातून रुंगे यांना मिळालेला पदार्थही हाच, हे हॉफमन यांनी 1843 मध्ये दाखवून दिलं. हॉफमन यांचा अठरा वर्षांचा विद्यार्थी विल्यम पर्किन 1856 मध्ये क्विनाईन बनवायला निघाला होता. त्याच्या हाती ॲनिलीनपासून जांभळा रंग लागला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. 1886 पासून तापावर दिलं जाऊ लागलेलं ॲसिटॅनिलाइड हे औषधही याच घराण्यातलं. शरीरात त्याचं रूपांतर पॅरासिटामॉलमध्ये होतं, हे पुढे कळलं. ‘ॲसिटॅनिलाइड’ सावकाश उच्चारून पाहा, मधोमध नील ऐकू येईल.

खुद्द निळीचा रेणू प्रयोगशाळेत घडवायला अडॉल्फ फॉन बायर यांना 1880 साल उजाडलं आणि त्याची रचना त्यांनी 1883 मध्ये उलगडली. कारखान्यातून माल बाहेर पडायला आणखी चौदा वर्षं लागली. 1897 मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. तिचा कच्चा माल होता नॅफ्थॅलीन, म्हणजे आपल्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचा पदार्थ.

ही कहाणी बहुतेकदा रसायनशास्त्राचा विजय म्हणून सांगितली जाते आणि तिथेच संपवली जाते. मला ते पटत नाही. बिहारमध्ये चंपारणच्या रयतेला ‘तीनकठिया’ पद्धतीखाली वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावण्याची सक्ती होती. जर्मन निळीने भाव पाडले, तेव्हा मळेवाल्यांनी या सक्तीतून सोडण्याची किंमत म्हणून खंड वाढवला, काहींकडून रोख रक्कम उकळली. नीळ पिकवा तरी शेतकरी नाडला जाणार, सोडा तरी नाडला जाणार. 1917 मध्ये गांधीजी चंपारणला गेले, ते हेच गाऱ्हाणं ऐकून. पुढच्या वर्षी कायद्याने तीनकठिया बंद झाली.

आज जीन्सला लागणारी नीळ मुख्यतः कृत्रिम असते आणि ती बनते ॲनिलीनपासून. ज्या द्रवाला निळीने जन्म आणि नाव दिलं, तोच आता निळीला जन्म देतो आहे. नीळ सुताला रासायनिक बंधांनी पक्की बांधली जात नाही, धाग्याच्या बाहेरच्या थरांत बसून राहते. म्हणून जीन्स गुडघ्यावर आधी विटते. या कापडाच्या कुळात मुंबईचाही वाटा आहे. कामगारांच्या जाड्याभरड्या सुती पोशाखाला इंग्रजीत ‘डंगरी’ म्हणतात, ते डोंगरीच्या नावावरून.

आणि घरात पांढऱ्या कपड्यांना घालतो ती पुडीतली नीळ? तिचा या झुडपाशी संबंधच नाही. ती अल्ट्रामरीन: पांढरी चिकणमाती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत तापवून केलेली. ही युक्ती शोधल्याबद्दल फ्रान्सच्या गिमे यांना 1828 मध्ये बक्षीस मिळालं. तिचा निळेपणा स्फटिकाच्या पिंजऱ्यात अडकलेल्या गंधकाच्या तीन-तीन अणूंच्या गटांचा. जुन्या कापडावरची पिवळट झाक प्रकाशातला निळा भाग गिळते, तर नीळ पिवळा भाग गिळते. समतोल साधला की डोळ्याला कापड पांढरंशुभ्र दिसतं. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या राजावर्त दगडाचा निळा रंगही याच गंधकाचा. अजिंठ्याच्या चित्रकारांनी तो दगड वाटून भिंतींवर निळाई भरली. रसायनशास्त्राच्या हिशेबाने तो रंग आणि धुण्याच्या बादलीतली नीळ हे एकाच जातीचे पदार्थ आहेत.