अष्टपाद आणि संगीत



हरिण नादाला भुलतें आणि नाग पुंगीवर डोलतो, अशी आपल्याकडील जुनी समजूत. वस्तुतः नाग डोलतो तो पुंगीच्या हालचालीबरोबर. मग समुद्रांतील अष्टपादाला संगीत आवडतें काय? कोळणीच्या पाटींतील माकुलाचा हा भाऊबंद बरणीचें झांकण फिरवून आंतला खेकडा काढण्याइतका हुशार आहे. तेव्हां हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाहीं.

अष्टपादाला आपल्यासारखे कान नाहींत. त्याच्या डोक्यांत दोन सूक्ष्म पिशव्या असतात आणि प्रत्येकींत केसाळ पेशींवर टेकलेला चुन्याचा एक खडा. नादाची लहर आली कीं पाण्याबरोबर शरीर हलतें, जड खडा मागें रेंगाळतो आणि पेशींना तो धक्का कळतो. दर सेकंदास १०० हून कमी कंपनें त्याला जाणवतात, असें १९९० सालच्या प्रयोगांत दिसलें. २००९ सालीं तैवानांत ४०० ते १००० कंपनांनाही प्रतिसाद मिळाला. मनुष्याचा कान २० पासून सुमारें २०,००० पर्यंत ऐकतो. म्हणजे डग्ग्याची घुमक अष्टपादाला जाणवेल. तंबोऱ्याचे बारीक उपस्वर मात्र निसटतील. शिवाय कांठावर बसून गायिल्यास नादशक्तीचा सुमारें हजारावा भागच पाण्यांत शिरतो.

परंतु जाणवणें निराळें, आवडणें निराळें. खर्जांतील नाद ऐकून अष्टपादाचा श्वास मंदावतो, असें २००८ सालीं जपानांत आढळलें. हें सावधपणाचें लक्षण झालें. एका बाजूस संगीत व दुसऱ्या बाजूस तेवढ्याच मोठ्या आवाजाचा गोंगाट ठेवला, आणि प्राणी पुनःपुन्हां संगीताकडेच वळला, तरच आवडीची भाषा करतां येईल.

या प्रश्नाची दुसरी बाजू शिवडीस दिसते. तेथील किनारा चिखलाचा, रोहित पक्ष्यांचा. अष्टपाद पाहावा तो ओहोटीच्या वेळीं, मुंबईच्या पश्चिमेकडील खडकांत. परंतु शिवडीहून निघणारा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतु २०२४ सालीं खुला झाला आणि शेजारच्या बंदरांत जहाजांची ये-जा चालूच असते. यंत्रांचा खर्ज नेमका या प्राण्यांच्या ऐकण्याच्या टप्प्यांतला. स्पेनमधील संशोधकांनीं माकूल, अष्टपाद इत्यादि प्राण्यांना ५० ते ४०० कंपनांचा मोठा आवाज दोन तास ऐकविला, तेव्हां त्यांच्या पिशव्यांतील पेशींना इजा झाल्याचें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. याच पिशव्यांवर त्यांचा तोलही अवलंबून असतो. म्हणून पूल बांधतांना वा बंदर वाढवितांना पाण्याखालील आवाजही मोजला जावा आणि त्यास मर्यादा घालावी, हें उचित होय.